तीन पानं

आमच्या गावच्या शाळेत, मोठ्या गुरुजींच्या खोलीबाहेरच्या भिंतीत, हातभर लांबीची एक संगमरवरी पाटी बसवलेली आहे. शाळा कितीदा रंगवली गेली, कौलं जाऊन स्लॅब आला, पण पाटी तिथंच राहिली. पाचवीत इंग्रजी सुरू झालं की दरवर्षीची मुलं त्या पाटीवर आपलं नवं ज्ञान पारखून बघत. आम्हीही बघितलं. एकेक अक्षर लावत वाचलं ते असं, की या गावातून ३८ माणसं १९१४ ते १९१९च्या मोठ्या लढाईवर गेली आणि त्यांतल्या ७ जणांनी प्राण दिले. नावं नव्हती. नुसते दोन आकडे. अडतीसातून सात गेले, राहिले एकतीस, हे आम्हाला वजाबाकीचं उदाहरण वाटायचं.

त्या सातांतला एक आमच्या घरचा, माझे पणजोबा. साताऱ्याच्या या पट्ट्यात त्यात नवल काही नाही. साताऱ्याजवळच्या एका गावाला तर लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात. जमीन थोडी, पाऊस लहरी, भाऊ चार. त्यांतल्या एकानं पलटणीत जायचं, हा इकडचा रिवाज. पणजोबा १९१४च्या दिवाळीच्या आसपास गेले तेव्हा पणजीला पाचवा महिना होता. शिमग्याच्या सुमारास माझे आजोबा जन्मले. बापलेकांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. घरात पणजोबांना 'बसऱ्याचे आबा' म्हणत. लहानपणी मला बसरा म्हणजे कराडच्या पलीकडचं एखादं गाव वाटायचं. त्यांचं खरं नाव इथं लिहीत नाही. त्या काळी आमच्याकडं घराआड एकाचं तरी तेच नाव असायचं, आणि पुढं जे घडलं ते त्यामुळंच घडलं.

पणजीला मी पाहिलेलं नाही. कोयनेचा भूकंप झाला त्याच्या आदल्या वर्षी, १९६६ साली ती गेली. तिच्याबद्दल जे मला ठाऊक आहे ते सगळं आत्यानं सांगितलेलं. आत्या आज पंच्याऐंशीच्या पुढची आहे, आणि तिचे यजमान गेल्यापासून माहेरीच, माझ्या चुलतभावाकडं राहते.

आत्या सांगते ती हकिगत अशी. लढाई संपली, मानमोडीची साथ येऊन गेली, गावातले वाचलेले शिपाई एकेक करून परतले, आबा आले नाहीत. मग एक सरकारी कागद आला. माणूस सापडत नाही, मेला असं धरून चालावं आणि बायकोनं पेन्शन घ्यावी, असं त्यात होतं. पणजीनं वर्षभर अंगठा दिला नाही. घरात चार वर्षांचं पोर, साथीत मोठा दीर गेलेला, बाजरी संपलेली. शेवटी तिनं अंगठा दिला. बांगड्या मात्र फोडल्या नाहीत. कुणी माती दिलेली पाहिली नाही, कुणी सांगावा आणला नाही, तर मी कपाळ का पुसू, असं तिचं म्हणणं. पण विधवेची पेन्शन घ्यायला कुंकू लावून कचेरीत जाता येत नाही. म्हणून तालुक्याला जाताना ओढ्याच्या उतारावर ती कपाळ धुवायची, बांगड्या काढून पदरात बांधायची, आणि परत येताना त्याच ओढ्यावर बसून कुंकू लावायची. सेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षं हे चाललं. ती गेली तेव्हा हिरवं लुगडं नेसवायचं की पांढरं, यावरून अंगणात पुरुष माणसं भांडत बसली. आत्या तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती. तिनं आतून कडी लावून घेतली आणि आपल्या आजीचा मळवट भरला.

मी दिल्लीत भाषांतराचं काम करते. वीस-बावीस वर्षांपूर्वी आत्या काशी करून परतताना माझ्याकडं चार दिवस राहिली होती. संध्याकाळी तिला इंडिया गेट दाखवायला नेलं. हे कशासाठी बांधलंय, असं तिनं विचारलं. त्या लढाईत मेलेल्या शिपायांसाठी, असं मी सांगितलं, आणि भिंतीवर त्यांची नावं कोरली आहेत असंही सांगितलं. तिनं चप्पल काढली. मान वर करून त्या विटकरी-पिवळ्या दगडाकडं बघत विचारलं, "आबांचं कुठल्या बाजूला हाय?"

मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, शोधून सांगते.

इंडिया गेटवर तेरा हजारांहून अधिक नावं आहेत. पहिल्या महायुद्धात हिंदी फौजेची सत्तर हजारांहून अधिक माणसं मेली. म्हणजे बहुतेकांची नावं तिथं नाहीत. जी आहेत त्यांतली पुष्कळशी वायव्य सरहद्दीवर आणि अफगाण लढाईत पडलेल्यांची. जो जिथं मेला तिथं त्याचं स्मारक, असा हिशेब होता. बसऱ्याला गेलेल्याचं नाव बसऱ्यालाच शोधायला हवं होतं. हे समजायला मला काही वर्षं लागली, कारण मी नोकरी, संसार सांभाळून, आठवण आली की शोधत होते.

जे हळूहळू कळत गेलं ते थोडक्यात सांगते. इराणच्या आखातात अबादानला इंग्रजांचं तेल शुद्ध करण्याचं ठाणं होतं. आरमाराची जहाजं कोळशावरून तेलावर येत होती, आणि त्या तेल कंपनीचे निम्म्याहून जास्त भाग लंडनच्या सरकारनं १९१४ सालीच विकत घेतले होते. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूनं उतरणार हे दिसताच ते तेल राखायला हिंदुस्थानातून जी फौज निघाली तिचं नाव सहावी पुणे डिव्हिजन. तीत १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१४मध्ये फौज फावच्या किनाऱ्यावर उतरली आणि त्याच महिन्यात तिनं बसरा घेतलं. काम खरं तर तिथं संपलं होतं. पण विजय सोपा मिळाला की पुढचं गाव दिसतं. टायग्रिसच्या काठानं फौज वर वर सरकत गेली. १९१५च्या जूनमध्ये अमारा, सप्टेंबरात कुट, आणि मग बगदाद. खाली बोटी पुऱ्या नाहीत, डॉक्टर पुरे नाहीत, औषध नाही, हे ठाऊक असून हुकूम सुटले.

बगदादच्या अलीकडं, टेसिफॉनला, २२ नोव्हेंबर १९१५ला गाठ पडली. तिथं साडेचार हजारांच्या आसपास माणसं मेली वा जखमी झाली. जखमींना बिनस्प्रिंगच्या खेचरगाड्यांत घालून मैल न् मैल नदीपर्यंत आणलं. आमच्याकडं ऊसगाडीत बसून खडबडीत रस्त्यानं गेलेल्या माणसाला मोडलेल्या मांडीचं हाड त्या गाडीत काय करत असेल हे सांगावं लागत नाही. उरलेली फौज मागं हटत कुटला आली. ७ डिसेंबरला तुर्कांनी वेढा घातला. तीन बाजूंनी नदीचं वळण, चौथ्या बाजूला खंदक. १४७ दिवस तो वेढा चालला. सोडवायला आलेल्या फौजेचीच तेवीस हजारांच्या आसपास माणसं कामी आली वा जखमी झाली, पण वेढा फुटला नाही. विमानांतून पिठाची पोती टाकली गेली, त्यांतली काही नदीत पडली. सोडून द्यावं म्हणून तुर्कांना वीस लाख पौंडांपर्यंत पैसे देऊ केले, ते त्यांनी नाकारले. २९ एप्रिल १९१६ला तेरा हजारांच्या वर माणसं शरण गेली. त्यांतली दहा हजारांच्या आसपास आपली. शिपाई, आणि त्यांच्याबरोबर तीन हजारांवर भिश्ती, आचारी, डोलीवाले, खेचरवाले. सेनापती टाउनशेंड यांना तुर्कांनी इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात ठेवलं. त्यांचा कुत्रा तुर्कांच्या परवानगीनं सुखरूप बसऱ्याला पोचता झाला. शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं; बगदाद, मोसुल, आणि तिथून रेल्वेच्या कामावर रास-अल-ऐनला.

हे सगळं इंग्रजी पुस्तकांतून मिळत गेलं. त्यांत सेनापती होते, तारखा होत्या, नकाशे होते. शिपाई 'इतके रायफलवाले' म्हणून यायचे, आणि 'शिल्लक' म्हणून जायचे. आपल्या बाजूनं हे कुणी लिहिलंच नसेल असं मी धरून चालले होते.

ते खोटं ठरवलं ऑफिसातल्या एका बंगाली मैत्रिणीनं. जेवणाच्या सुट्टीत मी हे बोलले तेव्हा तिनं दुसऱ्या आठवड्यात एक पुस्तक आणलं. 'अभि ले बगदाद', लेखक शिशिर प्रसाद सर्वाधिकारी. कोलकात्याचा शिकलेला तरुण, बंगालच्या रुग्णसेवा पथकातून साधा शिपाई म्हणून गेलेला, कुटच्या वेढ्यात सापडलेला, नंतर रास-अल-ऐनला कैदी. त्यानं रोजनिशी ठेवली होती, ती फाडून बुटात लपवली, पुन्हा उतरवून काढली, आणि कित्येक वर्षांनी तिचं पुस्तक झालं. मैत्रीण बंगालीत वाचायची, हिंदीत सांगायची, मी मनात मराठी करायची. सहा-सात महिने आमचे डबे त्या पुस्तकाबरोबर संपले. मी आयुष्यभर भाषांतरावर पोट भरलं आहे, पण भाषांतराची इतकी गरज मला कधी पडली नव्हती. रास-अल-ऐनला हे कैदी पोचले त्याच्या थोडं आधी तिथंच आर्मेनियन लोकांना हाकलत आणून मारलं होतं. त्यांच्या ओस पडलेल्या घरांबद्दल सर्वाधिकारींनी लिहिलं आहे. स्वतः उपाशी असलेल्या माणसाला दुसऱ्याचं दुःख दिसलं आणि ते त्यानं टिपून ठेवलं, हे ऐकून त्या दिवशी आम्ही दोघी पुढचं पान न उलटता उठलो.

बसऱ्याचं स्मारकही सापडलं. १९२९ साली ते शत-अल-अरब नदीच्या काठी उभं राहिलं. १९९७ साली सद्दाम हुसेनच्या हुकमानं ते उचलून नासिरियाच्या रस्त्यावर बत्तीस किलोमीटर आत, वाळवंटात नेऊन ठेवलं. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर ठाऊक नसलेल्या चाळीस हजारांवर माणसांचं ते स्मारक आहे. त्यावर गोऱ्या शिपायांची नावं आहेत. हिंदी सुभेदार-जमादारांचीही आहेत. साध्या हिंदी शिपायांची नाहीत. पलटणीचं नाव, तिच्यातल्या हिंदी अधिकाऱ्यांची नावं, आणि खाली, बाकीचे हिंदी शिपाई इतके इतके. आकडा. मी तो फोटो संगणकावर मोठा करून बघितला आणि मला शाळेची भिंत आठवली. सगळ्या मेलेल्यांना सारखा मान द्यायचा, हे त्या स्मारकं बांधणाऱ्या आयोगाचं तत्त्व होतं. ते आपल्या वेळी पाळलं नाही, हे त्याच आयोगाच्या समितीनं २०२१ साली कबूल केलं आणि आयोगानं माफी मागितली.

दगडावर कोरली नसली तरी नावं वहीत उतरवलेली होती, आणि ती आता संगणकावर शोधता येतात. एका रविवारी मी बसले. इंग्रजांनी आपली नावं कानाला लागली तशी लिहिलेली, आडनाव असेल तर असेल. सगळ्या तऱ्हेनं अक्षरं फिरवून बघितली. संध्याकाळपर्यंत माझ्यापुढं तीन नोंदी उरल्या. एकच नाव, तिघंही शिपाई, तिघंही मराठा पलटणींतले.

पहिला टेसिफॉनच्या दिवशी, २२ नोव्हेंबर १९१५ला गेलेला. त्याच्या नोंदीत बापाचं नाव आणि गावाचं नाव होतं, पण गावाचं स्पेलिंग असं, की ते आमचंही असू शकलं असतं आणि आणखी चार गावांचंही. दुसरा वेढ्यात, मार्च १९१६मध्ये गेलेला. तिसरा त्याच वर्षी थंडीत, म्हणजे कैदेत. या दोघांचं गाव नाही, बाप नाही. नुसता पलटणीचा नंबर.

आमच्या आबांची पलटण कुठली हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. कागद वाळवीनं खाल्ले होते. तेवढ्यात मला पदक आठवलं.

आमच्या देव्हाऱ्यात पूर्वी एक चांदीचं पदक होतं. आबांच्या नावानं आलेलं. एका बाजूला राजाचं मुंडकं, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा पुरुष. इंग्रजांचा तो संत जॉर्ज. पण पणजीनं घोडेस्वार बघितला, घोड्याच्या पायाखाली कवटी बघितली, आणि खंडोबा म्हणून त्याला टाकांच्या शेजारी बसवला. दर रविवारी त्याला भंडारा लागायचा. १९७२च्या दुष्काळात घरातली चांदी विकली तेव्हा तेही गेलं. त्या पदकांच्या कडेवर ज्याचं त्याचं नाव, नंबर आणि पलटण कोरलेली असायची हे मी वाचलं होतं. आनंदाच्या भरात मी आत्याला फोन केला.

"आत्या, ते खंडोबाचं पदक होतं ना, त्याच्या कडेला काही लिहिलेलं आठवतंय का तुला?"

"व्हय, हुत्या की बारीक बारीक खुणा. मला वाटायचं सोनारानं पाडल्याली नक्षी हाय." मग तिनं विचारलं, "का गं? काय हुतं ते?"

मी थांबायला हवं होतं. पण शोधणाऱ्या माणसाला आपण कुणाशी बोलतो आहोत याचं भान राहत नाही. मी सांगून टाकलं. आबांचं नाव होतं त्याच्यावर, म्हटलं. पलटणही होती. ते असतं तर आज नक्की कळलं असतं.

फोनवर बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग ती एवढंच म्हणाली, "मीच नेलं हुतं बाई त्ये सोनाराकडं."

मला हे माहीत नव्हतं. त्या साली ती तीन मुलं घेऊन माहेरी आली होती. दुष्काळी कामावर खडी फोडायची, मिलोच्या भाकरी आणि सुकडी खायची. आजोबांचा जीव होईना, म्हणून पदक पदरात बांधून तीच तालुक्याला गेली. सोनारानं तिच्यासमोर ते मुशीत टाकलं. आलेल्या पैशांत पंधरा दिवसांची ज्वारी आली. घरात पदक विकल्याचं दुःख होतं ते देव विकला म्हणून. आता पन्नास वर्षांनी मी तिला सांगितलं, की तू नाव वितळवलंस.

दोन दिवसांनी चुलतभावाचा फोन आला. "आत्या जेवत न्हाई. तू काय बोललीस?"

मी रजा टाकून गावी गेले. भाद्रपद होता, पितृपंधरवडा चालू होता. आत्या सोप्यात भिंतीला टेकून बसली होती. माझ्याकडं बघून हसली, चहा ठेवायला सुनेला सांगितलं. पदकाचा विषय तिनं काढला नाही. रात्री दिवा मालवल्यावर अंथरुणावरून तिनं विचारलं, "तिकडं पोटाला मिळत हुतं का गं त्यास्नी?"

हा प्रश्न नवा नव्हता. लढाईवरून परतलेल्या प्रत्येकाला पणजी हाच प्रश्न विचारायची. वरच्या आळीचे एकजण तुर्कांच्या कैदेतून १९१९ साली परतले होते. त्यांनाही तिनं विचारलं. मिळायचं की वैनी, रोज मिळायचं, असं त्यांनी सांगितलं. ते उत्तर आमच्या घरात शंभर वर्षं चालत आलं होतं.

मी अंधारात पडून विचार केला. वेढ्यातला हिशेब मला ठाऊक होता. एप्रिलमध्ये माणशी पीठ चार औंसांवर आलं होतं, म्हणजे जेमतेम मूठभर. घोडी आणि खेचरं कापून खायला दिली, ती आपल्या पुष्कळ शिपायांनी खाल्ली नाहीत. गावी कळलं तर वाळीत टाकतील ही भीती. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी तारेनं मागवली, तरी बहुतेकांनी शेवटच्या आठवड्यांपर्यंत धरून ठेवलं. हिरड्या सुजून दात हलायला लागले. पाला शोधायला माणसं खंदकाबाहेर जायची. शरण गेल्यावर तुर्कांनी दिलेली दगडासारखी बिस्किटं रिकाम्या पोटी खाऊन कित्येक मेले. यातलं काय सांगायचं? पदकाबद्दल खरं सांगून मी काय केलं ते समोर दिसत होतं. दुसऱ्यांदा खरं सांगण्याचं धैर्य नव्हतं. पण वरच्या आळीच्या आजोबांचं खोटं आणखी एकदा सांगणंही जमेना. ती मला विचारत होती ते मी वाचलेलं आहे म्हणून.

"नाही गं आत्या," मी म्हटलं. "वेढ्यात नव्हतं मिळत. कैदेतही नव्हतं."

ती उठून बसली असावी, बांगडी वाजली.

"आजीला ठाव हुतं," ती म्हणाली. "वरच्या आळीचं दादा आमच्या वट्ट्यावर यायचं ना, त्येंच्या खिशात कायम फुटाणं असायचं. म्हातारपणी दात गेलं तरी फुटाणं. खायाचं न्हाईत, नुसतं हात घालून चाचपायचं. येकदा आजी मला म्हणाली, जेवल्याला माणूस असा खिसा चाचपत न्हाई गं पोरी. मग तिनं परत कधी त्येस्नी इचारलं न्हाई. त्येंनी सांगितलं, हिनं ऐकून घेतलं."

मी काही बोलले नाही. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "ती तिघंजणं कोण कोण ते सांग बरं पुन्हा."

मी सांगितलं. पहिला लढताना गेलेला, दुसरा वेढ्यात, तिसरा कैदेत. पहिल्याच्या बापाचं नाव सांगितल्यावर ती लगेच म्हणाली, "ह्यो आमचा न्हवं. आबांच्या बापाचं नाव येगळं." हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. मी गावाच्या स्पेलिंगशी झगडत होते, आणि घरात खापरपणजोबांचं नाव विचारायचं राहून गेलं होतं. मग तिनं त्या गावाचं नाव मला चार-पाच वेळा म्हणायला लावलं, जसं लिहिलंय तसं, इंग्रजासारखं. आणि स्वतः दोनदा म्हणून बघितलं. "खटावाकडं असंल," ती म्हणाली. "तिकडं दिलंय आपल्या भावकीतल्या पोरीला." आणि एक नाव घेतलं. ते बरोबर बसत होतं.

म्हणजे उरले दोन. दोघंही उपाशी गेलेले. त्यांतला आपला कोण हे आता कधीच कळणार नव्हतं, आणि कळलं असतं ते कशावरून, हे दोघींनाही ठाऊक होतं.

सर्वपित्री अमावास्येला आमच्याकडं म्हाळ असतो. आबांची तिथी ठाऊक नाही म्हणून त्यांचं पान याच दिवशी वाढायचं, असा आजोबांपासूनचा रिवाज. पणजी होती तोवर ते वाढत नसत. सकाळपासून चुलीवर खीर, वडे, भोपळ्याची भाजी, कढी. आत्या पाटावर बसून सुनांना सांगत होती. पानं मांडायची वेळ झाली तेव्हा घरच्या पितरांची पानं झाल्यावर तिनं मला जवळ बोलावलं.

"आबांच्या नावाची तीन पानं मांड."

चुलतभाऊ म्हणाला, "आत्ये, पहिला आपला न्हवं म्हणालीस ना?"

"न्हवं तर न्हवं. नाव त्येच हाय न्हवं? पलटणीतलं हाय. तिघांचं पान येकाच पंगतीला मांड, आन् भात जरा जास्ती वाढ."

मी वाढलं. भातावर कढी घातली, खिरीची वाटी ठेवली, वडे ठेवले. शेजारच्या काकू प्रसादाला आल्या होत्या. एवढी पानं कुणाची, असं त्यांनी विचारलं. "आबा आन् त्येंचं दोन सोबती," आत्या म्हणाली, आणि त्या 'बरं बरं' म्हणाल्या. चुलतभावानं तीन घास पत्र्यावर नेऊन ठेवले. मग आत्यानं आपलं ताट मागून घेतलं आणि आठवड्यानं पहिल्यांदा पोटभर जेवली.

पदकाबद्दल मी तिची माफी मागितली ती दुपारी, पानं उचलल्यावर. तिनं ऐकून घेतलं. "तुझं काय चुकलं," असं ती म्हणाली नाही. "त्या ज्वारीवर माझी पोरं जगली," एवढंच म्हणाली. थोडं थांबून पुढं म्हणाली, "पर तू मला आदी सांगाया पायजे हुतंस, शाळंत शिकत हुतीस तवाच." बहात्तर साली मी दोन वर्षांची होते. मी हो म्हटलं.

संध्याकाळी मी बॅग भरत होते तेव्हा तिनं चुलतभावाला हाक मारली. खटावकडचं ते गाव, त्या नोंदीतल्या बापाचं नाव, सगळं त्याला एका कागदावर लिहून घ्यायला लावलं. जाऊन विचार, म्हणाली, या बापाचं कुणी उरलंय का. त्यांच्याकडंही दिवस ठाऊक नसेल, आणि तेही आपल्यासारखं अमावास्येलाच पान वाढत असतील.

"त्यास्नी सांग, कार्तिकात गेला म्हणावं. तारीख लिवल्याली हाय. आन् पोटाला खाऊन गेला आसंल, तवा येढा पडला नव्हता. त्येबी सांग."

मी दिल्लीला परतले. चुलतभाऊ अजून गेलेला नाही. आधी पाऊस होता, मग सोयाबीनची काढणी आली. दर रविवारी मी फोन करते तेव्हा आत्या पहिल्यांदा तेच सांगते, की हा अजून गेला नाही. मी इकडं जुनं पंचांग मिळवून १९१५च्या नोव्हेंबरातली तिथी काढून ठेवली आहे. ती कागदावर, ठळक अक्षरांत, देवनागरीत लिहून पाठवली आहे. त्या घरी कुणी असेल तर त्यांना वाचता यावी म्हणून.